एक सेकंद आणि टोमणा

प्रश्न : लेक अमेरिकेत ऑबर्नला शिकते. तिथे 'एक सेकंद' म्हटलं की अलाबामाचे समर्थक का चिडतात?

उत्तर : ऑबर्न आणि अलाबामा ही अमेरिकन फुटबॉलमधली कट्टर प्रतिस्पर्धी विद्यापीठं. त्यांचा 30 नोव्हेंबर 2013 चा सामना, स्कोअर 28-28. वेळ संपली होती, पण अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी हुज्जत घालून घड्याळात एक सेकंद परत मिळवला आणि 57 यार्डांवरून फील्ड गोलचा (चेंडू लाथेनं गोलपोस्टमधून धाडायचा) प्रयत्न केला. किक तोकडी पडली. असा चेंडू बचाव करणाऱ्यानं झेलला तर खेळ चालूच राहतो, नेमकं हेच भोवलं. ऑबर्नचा ख्रिस डेव्हिस गोलपोस्टखाली उभाच होता. तो चेंडू झेलून थेट पलीकडच्या टोकाला पोचला, म्हणजे टचडाउन, सहा गुण. किकसाठी मैदानात बहुतेक धिप्पाड, जड गडी असतात, त्याला गाठणार कोण? ऑबर्न 34-28 नं जिंकलं.

धाव 109 यार्डांची, अधिकृत नोंद मात्र 100 (एंड झोन, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यातलं अंतर धरत नाहीत). यावरही वाद घालतात, बिनकामाचा.

लेकीला एवढं सांगा, टोमणा मारला तर 'चौथा डाउन, 31 यार्ड' (म्हणजे चौथी, शेवटची संधी आणि 31 यार्ड बाकी) ऐकायची तयारी ठेव. 2023 मध्ये अलाबामानं ऑबर्नच्याच मैदानावर, 32 सेकंद उरले असताना, नेमक्या अशाच स्थितीतून टचडाउन करून 27-24 नं सामना नेला.