गाठ आणि चहा

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांची आहे. सोनोग्राफीत गर्भपिशवीला दोन फायब्रॉइडच्या गाठी निघाल्या, मोठी चार सेंटिमीटरची. पाळी आठ-आठ दिवस चालते. हिमोग्लोबिन ८.९ आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या देऊन तीन महिन्यांनी बोलावलंय. जाऊबाई म्हणतात, दूध आणि सोयाबीन बंद कर, उपाशीपोटी पालेभाज्यांचा रस पी, गाठी विरघळतील. महिनाभर पितेय. गोळीने मळमळतं म्हणून ती सकाळच्या चहाबरोबर घेते. आहाराने गाठी जातील का?

उत्तर : नाही जाणार. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे त्या रसाच्या भरवशावर आणखी दोन महिने जायला नकोत. या गाठी पिशवीच्या स्नायूतूनच तयार होतात आणि इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकांवर पोसल्या जातात. पाळी गेल्यावर बहुतेक वेळा आपोआप आकसतात. त्या कर्करोगाच्या असणं फार क्वचित, तेव्हा ती धास्ती मनातून काढा.

मग आहाराचं काम काय? गाठीकडे बघू नका, रक्ताकडे बघा. दर महिन्याला जे लोह वाहून जातंय ते भरून काढायचं आहे, आणि तुमच्या पत्रात मला खरी गडबड दिसली ती चहापाशी.

मीही हेच केलंय. अडतिसाव्या वर्षी मलाही गाठ निघाली. मी आहारतज्ज्ञ, दिवसभर लोकांना शिकवणारी, आणि स्वतः मात्र गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळत होते, कारण सकाळी तेवढाच एक पेला हातात असायचा. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन ९.१ वरून ९.३! डॉक्टरांनी एवढंच विचारलं, ‘गोळी कशाबरोबर घेता?’ इतकी लाज वाटली म्हणून सांगू! चहा-कॉफीतले घटक लोहाला आतड्यातच धरून ठेवतात. गोळी अकरा वाजता लिंबूपाण्याबरोबर सुरू केली आणि पुढच्या सहा आठवड्यांत आकडा ११.२ वर आला. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं.

तेव्हा चहा सोडू नका, फक्त गोळीपासून तास-दोन तास लांब ठेवा. दूध आणि कॅल्शियमची गोळीही तशीच लांब. मळमळ होत असेल तर गोळी एक दिवसाआड चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. एक गोळी घेतली की शरीर दिवसभर लोहाची दारं थोडी लोटून घेतं, त्यामुळे आड दिवसाच्या गोळीतलं लोह बऱ्याचदा जास्त चांगलं शोषलं जातं. अगदीच सोसत नसेल तर जेवणानंतर घ्या. लोह थोडं कमी मिळेल, पण गोळी बंद पडण्यापेक्षा ते बरं. शौचाला काळं होईल, घाबरू नका. आणि आकडा बारावर गेला म्हणून लगेच थांबू नका, साठा भरायला पुढे आणखी तीनेक महिने लागतात.

ताटात डाळी, कडधान्यं, पालेभाज्या असू द्या, वर लिंबू पिळा. मांसाहार करत असाल तर मासे, मांस यांतलं लोह जास्त सहज शोषलं जातं. रस गाळला की चोथ्याबरोबर तंतुमय भाग जातो. भाजी चावून खा, जाऊबाईंचा मानही राहील.

दूध बंद करायला काही कारण नाही. जेवणातल्या प्रमाणात सोयाबीन खाल्ल्याने गाठी वाढतात असंही दिसलेलं नाही. वजन जास्त असेल तर सावकाश उतरवा, कारण चरबीतही इस्ट्रोजेन तयार होतं, पण ८.९ वर उपासतापास अजिबात नको. फायब्रॉइड असलेल्या बऱ्याच जणींना ड जीवनसत्त्व कमी असतं, पुढच्या तपासणीत तेही बघून घ्या. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल मनाने घेऊ नका, जास्त मात्रेत त्या यकृताला बाधतात.

डॉक्टरांनी तीन महिन्यांनी बोलावलं असलं, तरी तासाला एक पॅड भिजू लागला, मोठ्या गुठळ्या पडू लागल्या, जिना चढताना दम लागला किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी जा. जाताना गोळ्यांचं पाकीट बरोबर न्या.