‘कॉपी’: मूळ की नक्कल?

पत्रकारितेच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, ‘माझी कॉपी डेस्कने (बातम्या संपादित करणाऱ्या विभागाने) कापली’ असे म्हणणारा बातमीदार स्वतः लिहिलेल्या बातमीला कॉपी का म्हणतो, आणि त्याच वृत्तपत्रात ‘बारावीच्या परीक्षेत कॉपी’ असा मथळा येतो त्यातला शब्द हाच की वेगळा.

शब्द एकच आहे. परंतु पहिल्या ठिकाणी त्याचा अर्थ मूळ मजकूर असा होतो आणि दुसऱ्या ठिकाणी नक्कल, म्हणजे जवळजवळ उलट.

लॅटिनमधील ‘कोपिआ’ म्हणजे विपुलता. मध्ययुगीन लॅटिनमध्ये दस्तऐवज उतरवून घेण्याची मुभा देण्याच्या संदर्भात तो वापरला जाऊ लागला आणि तेथून उतरवून घेतलेल्या मजकुरालाच ते नाव मिळाले. छापखान्यात मात्र अर्थाने कूस बदलली. जुळारी ज्या हस्तलिखिताकडे पाहून खिळे (छपाईची धातूची अक्षरे) जुळवत असे, म्हणजे ज्याची प्रतिकृती करायची, ते हस्तलिखितच कॉपी ठरले. वृत्तपत्रांनी हा अर्थ छापखान्यांकडून घेतला आणि खिळे जाऊन संगणक आले तरी तो टिकला. म्हणूनच कॉपी एडिटर नकला करीत नाही, तर छपाईपूर्वी मजकुराची भाषा आणि तपशील तपासतो. ‘एजन्सीची कॉपी’ म्हणजे वृत्तसंस्थेने पाठवलेली बातमी. आणि जाहिरातीचा मजकूर लिहिणारा तो कॉपीरायटर. या शेवटच्या शब्दाची कॉपीराइटशी गल्लत होते. दोन्हींतील ‘कॉपी’ छपाईच्याच व्यवहारातील असली, तरी एकात लेखक आहे आणि दुसऱ्यात हक्क. इंग्लंडमधील १७१० च्या कायद्याच्या शीर्षकात तर छापील पुस्तकांच्या ‘कॉपी’ लेखकांकडे किंवा त्या विकत घेणाऱ्यांकडे सोपवण्याची भाषा आहे. तेथे कॉपी म्हणजे कागदाची प्रत नव्हे, ग्रंथ छापण्याचा हक्क.

खपाच्या आकड्यांतील कॉपी म्हणजे अंक किंवा प्रत, हे सर्वांना ठाऊक आहे.

परीक्षेतील कॉपीला मराठीने स्वतःचे वळण दिले आहे, आणि मला तेच सर्वांत लक्षवेधी वाटते. शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत पाहून लिहिणे ही नक्कल झालीच, पण आपल्याकडे खिशात लपवून नेलेली चिठ्ठी हीसुद्धा कॉपी असते. ‘त्याच्याकडे कॉपी सापडली’ किंवा ‘खिडकीतून कॉपी पुरवली’ या वाक्यांत शब्द कृतीचा नव्हे, वस्तूचा वाचक आहे. पुढे ‘कॉपीबहाद्दर’, ‘कॉपीमुक्त अभियान’ असे अस्सल मराठी समासही त्यापासून घडले. इंग्रजीत या साऱ्या गैरप्रकारांना सामान्यतः फसवणुकीचा वेगळा शब्द आहे.

मराठीत पर्यायांची वाण नाही. छपाईसाठी सिद्ध केलेल्या पुस्तकाला ‘मुद्रणप्रत’, बातमीच्या लेखनाला ‘मजकूर’, न्यायालयातून किंवा तहसील कचेरीतून मिळणाऱ्या कागदाला ‘नक्कल’ आणि विकल्या जाणाऱ्या वस्तूला ‘अंक’ किंवा ‘प्रत’ असे नेमके शब्द आपल्याकडे रुळलेले आहेत. वृत्तपत्राच्या कचेरीतील बोलण्यात बातमी या अर्थाची कॉपी खुशाल राहावी, कारण तेथे ऐकणाऱ्याला संदर्भ ठाऊक असतो. परंतु वाचकांसाठी लिहिताना तो अर्थ टाळावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. ‘बातमीदाराने कॉपी केली’ हे वाक्य छापून आले, तर त्याने बातमी लिहिली असे कोणीही समजणार नाही. त्याने ती दुसऱ्याची चोरली, असाच अर्थ घेतला जाईल.