नवा सबक येतो, जुना पारा निसटतो

ऑनलाइन हिफ्ज, म्हणजे कुरआन तोंडपाठ, करणाऱ्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात ते बहुधा एकच तक्रार घेऊन. रोजचा सबक, म्हणजे नवा पाठ, मूल नीट देतं, उस्तादही (शिकवणारे) खूश असतात. पण दोन महिन्यांपूर्वी पाठ झालेला पारा (कुरआनच्या तीस भागांपैकी एक) विचारला की चार आयतींतच, म्हणजे चार वचनांतच, गाडी अडते. मग पुढचा प्रश्न ठरलेला. मुलाची स्मरणशक्ती कमी आहे, की स्क्रीनवर हिफ्ज होतच नाही? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच निघतं. कसं, ते एका मुलाच्या निमित्ताने सांगते. ओळख पटू नये म्हणून घरातले काही तपशील बदलले आहेत.

मुलगा दहा वर्षांचा. नाझरा, म्हणजे कुरआन बघून वाचणं, चांगला झालेला. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा अर्धा तास, दुसऱ्या देशातल्या उस्तादांकडे व्हिडिओ कॉलवर सबक. आधी तिसावा पारा, मग एकोणतिसावा, अठ्ठाविसावा आणि त्यानंतर पहिला, असे चार पारे 'झाले' होते. घरी पाहुणे आले असताना अब्बूंनी त्याला सूरह (अध्याय) तकवीर म्हणायला लावली. त्याने न अडखळता म्हटली. सगळे 'माशाअल्लाह' म्हणत असताना पाहुण्यांतले मामा, जे स्वतः हाफिज आहेत (संपूर्ण कुरआन पाठ असलेले), हळूच म्हणाले, "बेटा, सुरुवात तकवीरची केलीस आणि संपवलीस इन्फितार."

झालं होतं असं की तकवीरच्या सहाव्या आयतीत समुद्रांबद्दल 'सुज्जिरत' आहे आणि इन्फितारच्या तिसऱ्या आयतीत 'फुज्जिरत'. बाकी आयत जशीच्या तशी. मुलाच्या तोंडून एक अक्षर बदललं आणि तो नकळत पुढच्या सूरहच्या रुळावर गेला. एकदा गेल्यावर मात्र शेवटपर्यंत अचूक म्हणत गेला. अब्बूंना यात नाचक्की दिसली. मला ऐकताना वेगळंच दिसलं. ज्याची स्मरणशक्ती कच्ची आहे तो मुलगा चुकीच्या रुळावरून इतक्या सफाईने शेवटपर्यंत जात नाही. दोन सारख्या आयतींना हाफिज मंडळी 'मुतशाबिह' म्हणतात, आणि त्यांत भले भले घसरतात.

पण त्या दिवसानंतर घरात परीक्षा सुरू झाल्या. जेवताना, शाळेला निघताना, अचानक: "अमुक सूरह म्हण." मुलाच्या पोटात दुखायला लागलं, तेही बरोबर क्लासच्या आधी. आणि मग अम्मींच्या लक्षात आलं की सबक देताना त्याची नजर स्क्रीनच्या एका कोपऱ्याकडे जाते. तिथे दुसऱ्या खिडकीत कुरआनचं पान उघडलेलं होतं. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. "मॅडम, अभ्यासात कॉपी केली असती तर एक वेळ समजलं असतं. पण कुरआनच्या सबकात?"

मी त्यांना म्हटलं, "तुम्ही याला बेईमानी म्हणताय, मी याला आधी भीती म्हणेन. भीती गेली आणि तरी तो बघून वाचत असेल, तर मग आपण बेईमानीचं बोलू." चौदाव्या शतकात इब्न खल्दून यांनी 'मुकद्दिमा'त शिक्षणाबद्दल लिहिताना हेच सांगितलंय की सक्तीने वाढवलेलं मूल खोटेपणाकडे आणि लपवाछपवीकडे ढकललं जातं, कारण त्याला शिक्षेचा धाक असतो. स्क्रीन नव्हती तेव्हाचं हे निरीक्षण आहे. स्क्रीनने फक्त लपवण्याची सोय वाढवली.

उस्तादांच्या आणि घरच्यांच्या परवानगीने मी एका क्लासचं रेकॉर्डिंग पाहिलं. शिकवणारे सज्जन, शांत, तजवीदला, म्हणजे पठणाच्या नियमांना, काटेकोर. पण अर्ध्या तासाचा हिशोब असा होता: सलाम आणि चौकशी, कालचा सबक ऐकणं, त्यातल्या मखारिजच्या (अक्षरांच्या उच्चारस्थानांच्या) दुरुस्त्या, नवा सबक दोनदा वाचून घेणं. सबकी, म्हणजे अलीकडच्या दिवसांत झालेलं, त्यातल्या जेमतेम काही ओळी. आणि मंझिल, म्हणजे जुन्या पाऱ्यांची उजळणी? "घरी म्हणून ये." घरी ती ऐकणारं कोणीच नव्हतं. अम्मींना वाटत होतं उस्ताद ऐकतात, उस्तादांना वाटत होतं घरी ऐकलं जातं. ऑनलाइन हिफ्जमध्ये मला सर्वाधिक वेळा भेटणारी गोष्ट हीच. मदरशात बसणारं मूल सकाळी सबक देतं, मग सबकी, मग मंझिल कोणाला तरी ऐकवतं. शेजारी बसलेला मोठा मुलगाही ऐकतो. अर्ध्या तासाच्या कॉलमध्ये यातला पहिला भाग मावतो आणि उरलेले दोन वाऱ्यावर राहतात.

अब्बूंसमोर मी आकडेच मांडले, कारण त्यांनीही आकडेच मांडले होते. मदीना छपाईच्या मुसहफात, म्हणजे कुरआनच्या प्रतीत, 604 पानं, रोज एक पान, म्हणजे अमुक वर्षात मुलगा हाफिज, असं त्यांचं गणित होतं. त्यात उजळणीचा रकानाच नव्हता. एका पाऱ्याची सुमारे 20 पानं धरली तर चार पाऱ्यांची 80. ती आठवड्यातून एकदा फिरवायची तर रोज 11-12 पानं होतात. मध्यम गतीने पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे आत्ताच अर्धा किंवा त्याहून अधिक क्लास मंझिललाच लागणार. दहा पारे झाले की रोजची 28-29 पानं. पूर्ण कुरआन आठवड्यात फिरवायचा, ज्यासाठी त्याचे सात भाग पाडलेले आहेतच, त्यांनाही मंझिलच म्हणतात, तर रोज 86 पानांच्या आसपास. अब्बू बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे हे संपतच नाही." नाहीच संपत. आणि म्हणूनच ते कधी संपेल या तारखेला मी फारसा अर्थ देत नाही.

पुढची अडचण मुलानेच दाखवली. मी त्याला विचारलं, "ही आयत डोळ्यांपुढे आण. पानावर कुठे आहे?" तो गोंधळला. "कुठल्या पानावर?" त्याचं नाझरा झालं होतं घरच्या जुन्या, उपखंडी लिपीतल्या छपाईवर. उस्ताद स्क्रीनवर दाखवत ते मदीना छपाईचं पान, ज्यात 15 ओळी असतात आणि प्रत्येक पान आयतीच्या शेवटाशीच संपतं. आणि प्रवासात तो मोबाइलच्या ॲपवर वाचायचा, जिथे पानच नाही, आयती नुसत्या वर सरकत जातात. हिफ्ज करणाऱ्या कोणालाही विचारा, तो सांगेल की अमुक आयत डाव्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत आहे. कानाइतकाच हा डोळ्यांचा आधार असतो, आणि याच्याकडे तो नव्हताच. उस्तादांशी बोलून एकच छपाई ठरवली, छापील प्रत घेतली आणि ॲप फक्त ऐकण्यापुरतं ठेवलं. सगळ्या उपायांत हा सर्वात सोपा होता आणि माझ्या मते सर्वात मोलाचा.

आवाजाचंही थोडं सांगते, कारण यात मुलं विनाकारण बोलणी खातात. व्हिडिओ कॉलची ॲप्स पार्श्वभूमीचा गोंगाट कमी करताना लांबवलेला सूरही कधी कधी गोंगाट समजून कापतात. मद्द (लांबवलेला स्वर) किंवा गुन्ना (नाकातला सूर) लांबवला की पलीकडे तो तुटक ऐकू जातो. उस्ताद तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतात आणि मुलाला वाटतं आपल्यालाच येत नाही. या मुलाच्या बाबतीत आवाज गाळण्याची सोय बंद केली, तारेचा हेडफोन दिला, आणि निम्म्या 'चुका' गेल्या. 'सीन', 'साद' आणि 'से' या अरबी अक्षरांतला फरक स्वस्त माइकवरून ओळखणं उस्तादांनाही अवघड असतं, हे त्यांनी स्वतःच हसत मान्य केलं.

आता भीतीचं. मुलाशी एकट्याने बोलताना त्याने मला विचारलं, "विसरलं की गुनाह लागतो ना?" हे त्याला कोणी सांगितलं होतं ते विचारत बसले नाही, रागाच्या भरात घरात कोणीतरी बोलून जातं. मी आलिम, म्हणजे धर्मशास्त्राची जाणकार, नाही, त्यामुळे याचं उत्तर मी दिलं नाही. उस्तादांना विनंती केली की एक दिवस सबक न घेता याच्याशी फक्त यावर बोला. त्यांनी त्याला दोन हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, सांगितल्या; दोन्ही बुखारी आणि मुस्लिम या संग्रहांत आहेत. एक अशी की कुरआनची सतत उजळणी ठेवा, कारण दावणीतून सुटणाऱ्या उंटापेक्षाही तो लवकर निसटतो. दुसरी अशी की जो अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुप्पट सवाब, म्हणजे पुण्य. मुलगा नंतर मला म्हणाला, "म्हणजे सगळ्यांचंच निसटतं." हे वाक्य त्याच्या पोटदुखीवर माझ्या कुठल्याही युक्तीपेक्षा जास्त लागू पडलं. पालकांना उस्तादांनी आणखी एक आठवण करून दिली: संपूर्ण कुरआन हिफ्ज करणं प्रत्येकावर बंधनकारक नाही, ते फर्ज-ए-किफाया आहे. समाजातल्या काहींनी केलं की बाकीच्यांची जबाबदारी उतरते.

नवा सबक आम्ही काही आठवडे थांबवला. अब्बूंना हे अजिबात रुचलं नाही. "मागे पडेल" म्हणाले. कोणाच्या मागे, ते मात्र त्यांना सांगता आलं नाही.

अम्मींची अडचण खरी होती. "मला नुसतं नाझरा येतं. अर्थ कळत नाही, तजवीद पक्की नाही. मी काय ऐकणार?" ऐकायला तेवढं पुरतं. मुसहफ तुमच्या हातात, बोट ओळीवर, मुलगा तोंडी म्हणतो. अडला की लगेच सांगायचं नाही. थोडं थांबायचं, आठवू द्यायचं, कारण आठवण्याच्या त्या धडपडीतच पाठांतर पक्कं होतं. नाहीच आलं तर फक्त पुढचा एक शब्द द्यायचा, अख्खी आयत नाही. अडला ती जागा वहीत लिहून ठेवायची आणि ती वही उस्तादांना दाखवायची. उच्चार दुरुस्त करायला जायचं नाही, ते काम उस्तादांचं. आणि ऐकताना मोबाइल दुसऱ्या खोलीत. ज्या घरी अरबी कोणालाच वाचता येत नाही, तिथे मी मुलाला स्वतःचं पठण रेकॉर्ड करून मग मुसहफ उघडून स्वतःच तपासायला सांगते. वेळ जास्त लागतो, पण जमतं.

पंधरवड्याने वही बघितली तर खुणा कुठेही विखुरलेल्या नव्हत्या. बहुतेक पानाच्या तोंडाशी होत्या. तो पान पान पाठ करत होता, त्यामुळे एका पानाची शेवटची आयत आणि पुढच्याची पहिली यांचा सांधाच जुळलेला नव्हता. तेव्हापासून नियम केला: नवं पान घेताना मागच्या पानाची शेवटची आयत जोडूनच म्हणायची. उरलेल्या खुणा मुतशाबिह आयतींच्या. त्यांसाठी त्याने एका पानावर दोन रकाने केले, तकवीर आणि इन्फितार, आणि फरक पेन्सिलने गोल केले. अम्मींनी मराठी अनुवादातून दोन्ही सूरहांच्या सुरुवातीचा अर्थ वाचून दाखवला. एकीत सूर्य गुंडाळला जातो, पर्वत चालवले जातात, समुद्र पेटवले जातात. दुसरीत आकाश फाटतं, समुद्र फुटून वाहतात, कबरी उलथतात. "एकीत आग, दुसरीत पाणी," असं त्याने स्वतःच ठरवलं. तफसीर, म्हणजे अर्थाचं विवरण, म्हणून ते कितपत बरोबर, ते उस्ताद पाहतील. त्याचा घोटाळा मात्र थांबला.

खिडकीतलं पान? क्लासची जागाच बदलली. लॅपटॉप बैठकीच्या खोलीत, कॅमेरा थोडा लांब, सबक देताना मुलगा डोळे मिटून. डोळे मिटण्याची सूचना त्याचीच. जागेबद्दलचा माझा आग्रह मात्र याच घरापुरता नाही. एकट्या मुलाचा मोठ्या माणसाबरोबरचा कुठलाही ऑनलाइन क्लास बंद दारामागे होऊ नये, विषय कोणताही असो, शिकवणारे कितीही भले असोत. चांगल्या उस्तादांना याचं वाईट वाटत नाही. उलट बरं वाटतं.

सध्याची स्थिती सांगायची तर तिसावा पारा पक्का आहे, कुठूनही विचारा. एकोणतिसावा बरा आहे. अठ्ठाविसावा जवळजवळ पुन्हा पाठ करावा लागतोय आणि पहिल्याला अजून हात लावलेला नाही. नवा सबक सुरू झालाय, पण रोज पाच ओळींचा, आणि क्लासचा पहिला निम्मा वेळ जुन्यासाठी. अब्बूंच्या अचानक परीक्षा पूर्ण बंद झालेल्या नाहीत, कमी झाल्यात. ज्या दिवशी होतात त्या दिवशी पोट अजून दुखतं, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय.

शेवटच्या भेटीत अम्मींनी विचारलं की धाकटीला आत्तापासून बसवू का. भावाचं ऐकून ऐकून तिला बऱ्याच छोट्या सूरह येतात. ती साडेपाच वर्षांची आहे, नूरानी कायदा, म्हणजे अरबी वाचनाचं पहिलं पुस्तक, अर्ध्यावर आहे. कायदा पूर्ण होऊ दे, नाझरा हाताशी येऊ दे, असं मी सांगितलं. तोवर कानावर पडून जे येतंय ते येऊ द्या. फक्त एखाद्या दिवशी उस्तादांना ऐकवा, म्हणजे उच्चार चुकीचे पक्के होणार नाहीत.