फाइलवर ७२ डीपीआय (दर इंचाला ७२ ठिपके) दिसत असलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो किती मोठा छापता येईल?

४००० × ३००० पिक्सेलचा हा फोटो हातात धरून पाहण्यासाठी सुमारे १३ × १० इंचांपर्यंत उत्तम छापता येतो आणि ७२ हा आकडा त्याच्या आड येत नाही. छपाईची स्पष्टता ठरते ती एकूण पिक्सेल किती इंचांवर पसरतात यावर. जवळून पाहायच्या छायाचित्रासाठी दर इंचाला ३०० पिक्सेल हे रूढ प्रमाण आहे, म्हणून ४००० ला ३०० ने भागले की १३.३ इंच मिळतात. फाइलमधील डीपीआय ही केवळ छापण्याचा आकार सुचवणारी नोंद असते. ती ७२ वरून ३०० केल्याने फोटोत नवा तपशील येत नाही, आणि सॉफ्टवेअरने पिक्सेल वाढवले तरी ते अंदाजाने भरलेले असतात. भिंतीवर लावून काही फुटांवरून पाहायचा असल्यास दर इंचाला १५० पिक्सेलही पुरतात, म्हणजे तोच फोटो २६ × २० इंचांपर्यंत नेता येतो. मात्र हा हिशेब मूळ फाइलचा आहे. फोटो कातरलेला असेल किंवा मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेली, आकाराने लहान झालेली प्रत हाती असेल, तर छपाईला देण्यापूर्वी तिचे प्रत्यक्ष पिक्सेल अवश्य तपासावेत.