टर्मिनलमधून गिटची हिस्ट्री बघायला टिग वापरावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरला घरून काम करता, लॅपटॉप ४ जीबीचा, रेंज येऊन-जाऊन. कोडमधला कुठला बदल कुणी आणि का केला हे बघायला दर वेळी वेबसाइट उघडता आणि पान अर्ध्यातच गोल फिरत बसतं. कुणीतरी टिग सुचवलंय, म्हणजे गिटने (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीने) जपलेली हिस्ट्री टर्मिनलमध्येच दाखवणारा छोटा प्रोग्रॅम. ते खरंच कामाचं, की काळ्या पडद्यावर काम करतो म्हणून मिरवायची हौस?

कामाचं आहे. मी आंजर्ल्याहून काम करतो, खाडीच्या अलीकडे, म्हणजे रेंजच्या बाबतीत आपण सख्खे शेजारी. (हौशीचा भागही थोडा असतो, नाही कशाला म्हणू.)

आधी एक गैरसमज काढतो, कारण तुमच्या प्रश्नात तो लपलेला आहे. वेबसाइटवर दिसते ती हिस्ट्री तिकडे कुठेतरी ठेवलेली आहे आणि आपण ती मागवतो, असं तुम्ही धरून चाललाय. पण तुम्ही क्लोन केलंत, म्हणजे प्रकल्पाची प्रत उतरवून घेतलीत, तेव्हाच सगळे कमिट (नोंदवलेले बदल), सगळ्या जुन्या फाइली तुमच्या डिस्कवर उतरल्या. ती साइट म्हणजे दुसऱ्या एका प्रतीवर लावलेली खिडकी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तेही टूजीवर!

मला हे कळलं ३ जून २०२० ला निसर्ग वादळ येऊन गेल्यावर. कित्येक दिवस लाईट नव्हती, टॉवर बंद. एका ओळखीच्यांकडे जनरेटर होता, तिथे लॅपटॉप चार्ज करून आणायचो आणि पडक्या माडांकडे बघत ओटीवर बसायचो. नेट नसताना काय काम करणार, असं आधी वाटलं. मग लक्षात आलं की पुश, म्हणजे आपले कमिट साइटवर पाठवणं, सोडलं तर बाकी सगळं चालतंय. जुना कोड वाचायला इतका निवांतपणा मला पुन्हा कधी मिळाला नाही.

आता टिग. गिट हा शब्द उलटा वाचला की टिग. योनास फोन्सेका यांनी ते २००६ मध्ये लिहायला घेतलं, म्हणजे गिट येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सी भाषेत आहे, हलकं आहे, तुमच्या ४ जीबीला त्याचा भार जाणवणारही नाही. ते स्वतः फार काही करत नाही. गिटच्याच कमांड मागे चालवतं आणि उत्तर असं मांडतं की बाणाच्या बटणांनी त्यात फिरता येतं. उबुंटूवर ॲप्टने आणि मॅकवर होमब्रूने मिळतं, विंडोजवर गिट फॉर विंडोज टाकलं असेल तर सोबत आलेलंच असतं. (बटणांची अक्षरं इथे देवनागरीत लिहितोय, दाबायची अर्थात इंग्रजी.)

रिपोच्या, म्हणजे गिटने सांभाळलेल्या प्रकल्पाच्या, फोल्डरमध्ये जाऊन नुसतं टिग म्हणा. कमिटची यादी येते: तारीख, नाव, शीर्षक. एंटर मारला की पडद्याचा एक भाग त्या कमिटच्या बदलांना मिळतो, आणि मग वर-खाली बाण दाबले की पुढचा-मागचा कमिट तिथेच उघडत जातो. एच म्हणजे मदत, क्यू म्हणजे मागे. रिपो अवाढव्य असेल आणि यादी भरतच राहिली तर झेड दाबून थांबवा. एवढ्यावर पहिला आठवडा निघतो.

पण मी टिग सोडत नाही ते ब्लेमसाठी.

आमचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे, आंब्याच्या पट्ट्या करायचं. बागायतदाराने वाशीला पेट्या पाठवल्या की विक्रीनंतर हमाली, गाडीभाडं वजा होऊन जो हिशेबाचा कागद हातात येतो ती पट्टी. त्या कोडमध्ये एक विचित्र ओळ होती: पेटी परत आलेली असेल तर हमाली दुप्पट धर. नवीन आलेल्या मुलाने विचारलं, "दादा, ही चूक आहे ना? काढून टाकू?" मलाही चूकच वाटली. हंगाम तोंडावर, पाऊस नव्हता पण रेंज नेहमीसारखीच.

टिग ब्लेम आणि फाइलचं नाव. प्रत्येक ओळीच्या डावीकडे ती शेवटची कुणी, कधी बदलली ते आलं. पण आमच्या फाइलमध्ये वरपासून खालपर्यंत एकच नाव, एकच तारीख! कुणीतरी टॅब काढून स्पेस घातल्या होत्या, कमिटचं शीर्षक नुसतं "फॉरमॅटिंग". साइटवर हे झालं की माणूस तिथेच हात टेकतो. टिगमध्ये त्या ओळीवर जाऊन स्वल्पविराम दाबायचा. तोच, साधा स्वल्पविराम. त्या कमिटच्या आधी फाइल कशी होती त्याचं ब्लेम उघडतं. मी दाबला. आता ओळीवर दुसरं नाव होतं, पण त्या कमिटमध्ये नुसती व्हेरिएबलची नावं बदललेली. पुन्हा स्वल्पविराम. आता जो कमिट आला त्यावर एंटर मारल्यावर संदेश दिसला: "परत पेटीला उतरवायची आणि पुन्हा चढवायची अशी दोनदा हमाली लागते. बागायतदाराशी फोनवर बोलून खात्री केली."

ओळ बरोबर होती. मुलाला बोलावून दाखवलं, आणि त्या ओळीवर एक टिप्पणी टाकायला त्यालाच लावली. सगळ्याला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. (फार मागे गेलात तर टोकदार कंसाचं डावं चिन्ह < दाबून एकेक पाऊल परत येता येतं. आणि नुसत्या स्पेसचे बदल आधीच वगळायचे तर टिग ब्लेमला डॅश डब्ल्यू जोडा, माझी पहिली पायरी वाचली असती.)

एखादी ओळ कोडमधून गायबच झाली असेल तर ब्लेमचा उपयोग नाही, कारण नसलेल्या ओळीला ब्लेम कसा करणार? तेव्हा टिग, मग डॅश, मोठा एस, आणि त्याला चिकटून हवा तो शब्द. तो शब्द ज्या कमिटमध्ये आला किंवा गेला तेवढेच कमिट यादीत उरतात. गिट लॉगचे बरेचसे पर्याय टिगला असेच थेट देता येतात.

कमिट करण्यासाठीही मी टिग स्टेटस (अजून कमिट न केलेल्या बदलांची यादी) वापरतो, पण त्यातली दोनच बटणं सांगण्यासारखी आहेत. बदललेल्या फाइलवर एंटर मारून आत गेलात की यू दाबल्यावर बदलांचा तो अख्खा तुकडा स्टेज होतो, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडला जातो, आणि १ चा आकडा दाबला तर फक्त ती एक ओळ. तपासायला घातलेल्या प्रिंटच्या ओळी बाहेर ठेवून बाकीचं कमिट करायला यासारखं सोपं काही नाही.

आणि एक बटण जपून: उद्गारचिन्ह. स्टेटसमध्ये ते दाबलं की त्या फाइलमधले न स्टेज केलेले बदल फेकून दिले जातात. टिग आधी विचारतं, खोटं कशाला बोलू. मी रात्री अकराला, लाईट जायच्या भीतीने घाईत, न वाचता वाय दाबलं आणि दिवसभराचं काम गेलं. जे गिटला कधी दाखवलंच नाही ते गिट परत कुठून देणार! त्याआधी एकदा जरी स्टेज केलं असतं तर निदान त्या वेळेपर्यंतचे बदल शाबूत राहिले असते. तेव्हापासून लाईट मिणमिणली की माझा हात आधी यू वर जातो.

तुमची खरी अडचण मात्र टिग नाही, क्लोन असणार. गिट क्लोन अर्ध्यात तुटला की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे लोक डेप्थ १ देऊन फक्त शेवटचा कमिट आणतात. ते ठीक, पण अशा उथळ क्लोनवर ब्लेम चालवू नका, ते खोटं सांगतं. मागची हिस्ट्रीच नाही म्हटल्यावर सगळ्या जुन्या ओळींचं खापर काठावरच्या त्या एका कमिटवर फुटतं. डेप्थ १ ने सुरुवात करा, मग रात्री नेट बरं असतं तेव्हा फेच डीपनने (मागची हिस्ट्री आणखी थोडी आणणाऱ्या कमांडने) शंभर-दोनशे कमिट करत मागे जा, शेवटी उरलेली सगळी आणायला अनशॅलो. हप्त्याहप्त्याने आणलं की तुटलं तरी आधीचे हप्ते हातात राहतात.

किंवा सरळ बंडल करा. आमचा सर्वांत मोठा रिपो माझ्याकडे असाच आला: मुंबईतल्या सहकाऱ्याने गिट बंडल क्रिएट करून सगळ्या ब्रँच (कोडच्या समांतर शाखा) एका फाइलमध्ये बांधल्या, फाइल पेनड्राइव्हवर टाकली आणि गणपतीला गावी येणाऱ्या एका चाकरमान्याच्या हाती दिली. मोदकांच्या घाईत पेनड्राइव्ह दोन दिवस त्याच्या पिशवीत राहिला, तरीही नेटपेक्षा लवकर पोचला म्हणायचं. त्या फाइलवरून नेहमीसारखं क्लोन होतं. नंतर रिमोटचा, म्हणजे जिथून नवे बदल आणायचे त्या रिपोचा, पत्ता बदलायला विसरू नका, नाहीतर पुढचं फेच पेनड्राइव्हलाच शोधत बसेल.

मराठीत कमिट संदेश लिहीत असाल तर टर्मिनलमध्ये काना-मात्रा आणि जोडाक्षरं रुंदीचा घोळ घालतात. टिगच्या यादीत शीर्षक शेवटी असल्याने रकाने फारसे हलत नाहीत. फाइलींची नावंच देवनागरीत असतील तर साधं गिट स्टेटस त्यांच्याऐवजी उलट्या तिरप्या रेघा आणि ३४०, २४४ असले आकडे दाखवतं. गिटच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगमध्ये) कोअर क्वोटपाथ फॉल्स करा, नावं नीट दिसतील.

टिगसारखेच टर्मिनलमधले लेझीगिट आणि गिटयूआय हे प्रोग्रॅमही आहेत. रिबेस, ब्रँच, मर्ज असलं सगळं बटणांवर हवं असेल तर लेझीगिट जास्त हाताशी येतं, आमच्या टीममधली मुलं तेच वापरतात. मी वाचतो जास्त, लिहितो कमी, म्हणून टिग. आज रेंज असेल तर टिग आणि लेझीगिट दोन्ही उतरवून ठेवा आणि अनशॅलो रात्री झोपताना लावा. चार्जर तेवढा इन्व्हर्टरच्या सॉकेटला जोडा.