इस्लामी बँकेचे कागद तपासताना: वाचकांचे प्रश्न

माझ्या भावाने दुबईत इस्लामी बँकेकडून ‘मुराबहा’वर (बँक वस्तू आधी स्वतः विकत घेते आणि नफा चढवून हप्त्यांवर विकते) गाडी घेतली. हप्ता व्याजी बँकेइतकाच बसतो. मग फरक काय? (भुसावळ)

हप्ता सारखा आहे एवढ्यावरून व्यवहार चुकीचा ठरत नाही. नफा ठरवताना बाजारातला व्याजदर मापाला धरला तरी बहुतेक फिकह-जाणकार (इस्लामी कायद्याचे अभ्यासक) हरकत घेत नाहीत. पाहायचा तो कागदांचा क्रम. आधी भावाचे ‘गाडी घेईन’ हे वचन, मग बँकेच्या नावाचे बिल, मग गाडी बँकेच्या ताब्यात, आणि त्यानंतरच भावाशी विक्रीकरार. त्यात मूळ किंमत आणि नफा वेगवेगळे लिहिलेले हवेत.

घोळ होतो तो मधल्या दोन पायऱ्यांत. सगळ्या कागदांवर एकाच बैठकीत सह्या घेतात, नाहीतर बिल थेट ग्राहकाच्या नावे फाडतात. तसे झाले तर बँकेने गाडी विकलीच नाही. पैसे उसने देऊन वर जास्त घेतले, म्हणजे व्याजच. करारापूर्वी गाडी जळाली तर नुकसान कोणाचे, हे जरूर विचारा. ते बँकेचेच असले पाहिजे. उशिराचा दंडही दानात जायला हवा, बँकेच्या कमाईत नाही.

बँकेच्या वार्षिक अहवालात नेमके काय वाचावे? (धुळे)

शरिया मंडळाचा, म्हणजे बँकेचे व्यवहार शरियात बसतात का हे पाहणाऱ्या जाणकारांच्या मंडळाचा अहवाल. बहरीनच्या ‘आयोफी’ या मानक-संस्थेनुसार मंडळावर किमान 3 सदस्य लागतात. ‘सर्व व्यवहार शरियानुसार आहेत’ एवढ्याच ओळीवर समाधान मानू नका. निषिद्ध (व्याजासारखे शरियात न बसणारे) उत्पन्न किती निघाले आणि ते दानात गेले का, तो आकडा शोधा. मोठ्या बँकेने तिथे शून्य दाखवले, तर आमच्या मते तपासणीच वरवरची झाली असावी.

दुसरे, ‘तवर्रुक’चा वाटा पाहा. यात बँक ग्राहकाला धातू उधारीवर विकते आणि त्याच्याच वतीने तो रोखीत विकून पैसे हातात देते. धातू कोणालाच नको असतो. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 2009 मध्ये असा आखीव तवर्रुक नामंजूर केला. तरी अनेक बँका आपापल्या मंडळाच्या संमतीने तो चालवतात.

केळीवर आगाऊ रक्कम घ्यायची तर शरियात बसणारा करार कोणता? (रावेर)

‘सलम’, म्हणजे पैसे आधी आणि माल नंतर. भाव करारावेळीच ठरतो आणि पूर्ण रक्कम तेव्हाच द्यावी लागते. निम्मी आता, निम्मी माल कापल्यावर, असे चालत नाही. वाण, प्रत, किती क्विंटल, तारीख, कुठे पोचवायचे, सगळे लिहा. ‘अमुक गटातलीच केळी’ मात्र लिहू नका. वादळात ती बाग आडवी झाली तर द्यायला काही उरत नाही, म्हणूनच एका ठरावीक शेताच्या पिकावर सलम होत नाही. ‘त्या दिवशीच्या बाजारभावाने’ ही अटही करार बिघडवते.

भारतात अशी बँक आहे का? (नंदुरबार)

नाही. रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंग आणण्याचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवल्याचे 2017 मध्ये स्पष्ट झाले. बिनव्याजी पतसंस्थेत जाणार असाल तर आधी तिची नोंदणी बघा, मग सेवाशुल्काचा हिशेब मागा. शुल्क प्रत्यक्ष खर्चाइतकेच हवे. कर्जाची रक्कम आणि मुदत वाढेल तसे तेही वाढत असेल, तर ते व्याजच आहे.