पाइप कुठल्या कंपनीचा ते नंतर, आधी फुटलेला पाइप बघा

नमस्कार दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१५ चा सेकंडहँड बॅकहो, मागच्या आर्मला ब्रेकर म्हणजे दगड फोडायचा हातोडा लावून विहिरीची कामं, तीन महिन्यांत चार हायड्रॉलिक पाइप गेले, त्यातले दोन एकाच जागी, आणि आता कुठल्या कंपनीचा टाकू म्हणजे टिकेल असं विचारताय. मी या लाइनीत एकोणीस वर्षं आहे, आधी खडी क्रशरवर पोकलेनचा हेल्पर, मग ऑपरेटर, आता स्वतःची दोन मशिनं काळ्या पाषाणातच चालतात. त्यावरून सांगतो, एकाच जागी दोनदा पाइप फुटला की दोष पाइपाचा कमी आणि त्या जागेचा जास्त. कितीही भारी पाइप आणून लावा, ती जागा त्यालाही खाणार. म्हणून आधी फुटलेले पाइप भंगारात दिले नसतील तर बाहेर काढा, पुसा आणि उन्हात धरून नीट बघा.

वरचं रबर एका बाजूनेच घासलंय आणि खालची तार चकाकतेय किंवा गंजलीय, तर पाइप कशाला तरी घासत होता, पाइप जागेवर धरणारा क्लॅम्प तुटलाय नाहीतर कोणी काढून परत लावलेला नाही. सेकंडहँड मशीनमध्ये निम्मे क्लॅम्प गायब असतात, हे पहिल्या दिवशी बघायचं काम आहे. अगदी फेरूलच्या, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या लोखंडी टोपीच्या, मागे फुटला असेल तर तिथून लगेच वाक पडतोय किंवा पाइप लांबीला कमी आहे. फेरूलमधून अख्खा पाइप सुटून बाहेर आला असेल तर प्रेस, म्हणजे मशीनवर फेरूल दाबून बसवणं, चुकलंय, पाइप आतपर्यंत बसवलाच नव्हता किंवा दाब कमी दिलाय. वाकवल्यावर कडकड वाजतो, आतल्या रबराला चिरा आहेत, तर उष्णतेने गेलाय. आणि बाहेरून रबर मऊ, चांगलं, पण मधूनच फाटलाय आणि तारा ठिकठिकाणी तुटल्यात, तर प्रेशर.

तुमचे एकाच जागचे दोन पाइप ब्रेकरच्या लाइनीतले आहेत आणि सहा सूत म्हणजे पाऊण इंची आहेत असं तुम्ही लिहिलंय, मला खरी शंका इथेच आहे. दुकानदार म्हणाला असेल टू वायर आहे (रबरात तारेच्या जाळीचे दोन थर), बिनधास्त लावा. पण टू वायर म्हणजे सगळ्या साइजला एकच ताकद असं नसतं. पाइपावर लांबीभर छापलेली पट्टी वाचा, त्यावर २एसएन (टू वायरचा प्रकार) वगैरे लिहिलेलं असतं, साइज असते, किती बार प्रेशरला चालतो ते असतं. २एसएन चार सूत म्हणजे अर्धा इंची पाइप २७५ बारला चालतो, पण तोच टू वायर सहा सूतमध्ये फक्त २१५ बार, आणि एक इंचीत १६५ बार. भोक मोठं झालं की तारेवर ताण वाढतो, तारा मात्र तेवढ्याच. आता तुमच्या मशीनचं प्रेशर मॅन्युअलमध्ये बघा, बॅकहोला साधारण २३० ते २५० बारच्या आसपास असतं. म्हणजे प्रेशर साइडला सहा सूत टू वायर लावला तर तो पहिल्या दिवसापासून मर्यादेच्या वर चाललाय. तिथे फोर वायर म्हणजे तारेचे चार थर असलेला पाहिजे, त्यातला ४एसपी सहा सूत ३५० बारचा येतो. फुटायचं प्रेशर चौपट असतं हे खरं, म्हणून तो लगेच फुटत नाही, पण ब्रेकरचा प्रत्येक ठोका त्याच्यावर बसतो आणि महिन्याभरात तारा थकतात. उलट तेल टाकीत परत नेणाऱ्या रिटर्न लाइनला प्रेशर कमी असतं, तिथे टू वायर चालतो, तिथे पैसे वाया घालवू नका.

दुसरं, ब्रेकर चालू असताना लांब उभं राहून पाइपाकडे बघा. सापासारखे उड्या मारत असतील तर ब्रेकरच्या अ‍ॅक्युम्युलेटरमधला नायट्रोजन कमी झालाय किंवा आतला डायफ्राम गेलाय. तो धक्का पिणारा भाग आहे, तो रिकामा असला की सगळा धक्का पाइपात परत येतो. गॅस चेक करून भरून घ्या. माझ्या एका मशीनला सहा महिने मी पाइपच बदलत बसलो होतो, गॅस भरल्यावर तीच लाइन पुढचं अख्खं वर्ष टिकली.

तिसरं, आधीच्या मालकाने किंवा मेकॅनिकने ताकद वाढावी म्हणून रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, स्क्रू पिळलाय का? गेज लावून बघा, कानाने ऐकून नाही. आमच्याकडे हा प्रकार फार चालतो, मशीन चार दिवस जोरात चालतं आणि मग पाइप, सिलिंडरचे सील, पंप असं एकेक जातं. मॅन्युअलमध्ये जेवढं लिहिलंय तेवढंच ठेवा.

आता नवीन पाइप बनवताना. जुना पाइप जमिनीवर पसरून त्याच लांबीचा कापून आणतात, आणि जुनाच चुकीच्या लांबीचा असेल तर चूक जशीच्या तशी परत येते. दोरी घ्या, मशीनवर धरा, दुसऱ्या माणसाकडून बूम पूर्ण वर, पूर्ण खाली, आर्म आत, बाहेर, डावीकडे उजवीकडे फिरवून घ्या, प्रत्येक वेळी थांबून मशीन बंद करूनच जवळ जा, आणि सगळ्यात जास्त लागली ती लांबी धरा. त्यावर थोडी सैल ठेवा, कारण प्रेशर आलं की पाइप आखडतो, ४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३ मीटरचा पाइप १२ सेंटीमीटर लहान होऊ शकतो, ताठ बसवला तर तो फेरूल ओढणारच. वाकही जपा, चार सूत २एसएनची वाकायची त्रिज्या कमीत कमी १८० मिलिमीटर असते, त्यापेक्षा आवळून वाकवू नका, आणि फेरूलपासून थोडं अंतर तरी पाइप सरळ जाऊ द्या.

दोन्ही टोकांना एल्बो असतील तर त्यांचा एकमेकांशी कोन जुन्यावरून खूण करून न्या, नाहीतर बसवताना पाइपाला पीळ पडतो. ती छापील पट्टी इथे कामाला येते. बसवल्यावर ती सरळ रेषेत दिसली पाहिजे, पाइपाभोवती गोल फिरलेली दिसली की पीळ आहे, सोडा आणि परत लावा. आवळताना दोन पाने लावा, एक निपलला आणि एक नटला, म्हणजे पाइप फिरत नाही. आणि ओ-रिंगवाल्या जॉइंटला गळती दिसली म्हणून नुसतं आवळत जाऊ नका, खोलून ओ-रिंग बघा, कापलेली असते.

प्रेस करणाऱ्या दुकानात स्वतः उभे राहा. कापल्यावर पाइपात बोट फिरवून बघा, काळी पूड लागते, ती रबराची आणि लोखंडाची पूड थेट तुमच्या व्हॉल्व्हमध्ये जाते. हवा मारून, जमल्यास स्पंजची गोळी आतून मारून साफ करून घ्या, मग दोन्ही तोंडं प्लॅस्टिकच्या टोप्यांनी बंद करा, चिंध्या कोंबू नका, त्याचे दोरे आत राहतात. छापील तारीखही बघा, २क्यू२३ असं असेल तर २०२३ ची दुसरी तिमाही. जर्मन डीआयएन २००६६ मध्ये तयार पाइपाचं आयुष्य जास्तीत जास्त ६ वर्षं धरलंय, त्यात ठेवणीची २ वर्षं. ब्रेकरच्या लाइनीला एवढं मिळत नाही, पण दुकानातच पाच वर्षं पडलेला पाइप घेऊ नका.

घासू नये म्हणून सायकलची ट्यूब गुंडाळलीय असं लिहिलंय तुम्ही. काढून टाका. आत पाणी आणि दगडाची भुकटी साचते, तार गंजते, आणि तुम्हाला वरून काही दिसत नाही. नायलॉनची जाळीची स्लीव्ह मिळते ती घाला. टर्बो आणि सायलेन्सरजवळून जाणाऱ्या पाइपाला अग्निरोधक स्लीव्ह घालाच, तिथे तेलाचा फवारा उडाला की मशीन पेटतं. आणि ऑइल कूलर रोज हवा मारून साफ करा, विहिरीच्या कामाला धुळीने तो आठवड्यात बुजतो, ऑइल तापतं आणि सगळ्याच पाइपांचं रबर एकदम कडक व्हायला लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बारीक गळती शोधायला पाइपावरून हात फिरवू नका, तुमच्या पोरालाही सांगा. २०११ साली आमच्या हेल्परने तेच केलं, सुईएवढ्या भोकातून तेल तर्जनीत घुसलं. काटा टोचल्यासारखं झालं म्हणाला, बोटावर लाल टिपका, रक्तही नाही, डबा खाल्ला आणि कामाला लागला. दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. रात्री बोट सुजून काळंनिळं पडलं, दुसऱ्या दिवशी पुण्यात ऑपरेशन झालं, बोट वाचलं पण आजही ते अर्धंच वाकतं, आणि त्याला तेव्हाच पुण्याला नेलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासात हाताचं ऑपरेशन होणाऱ्या मोठ्या हॉस्पिटलला न्या आणि हायप्रेशरचं ऑइल कातडीखाली गेलंय हे स्पष्ट सांगा. गळती शोधायला लांब पुठ्ठा किंवा लाकडाची फळी फिरवा, त्यावर तेलाची रेघ उमटते.

खोलायच्या आधी आर्म आणि ब्रेकर जमिनीला टेकवा, इंजिन बंद, लिव्हर सगळ्या बाजूंना हलवून प्रेशर उतरवा, टाकीचं झाकण हळू सैल करा. तरी नट आधी अर्धा फेरा सोडून थांबा, आणि तोंड बाजूला ठेवा.

तुम्ही आत्ता एवढं करा, फुटलेल्या चारही पाइपांच्या फाटलेल्या जागेचा, फेरूलचा आणि छापील पट्टीचा फोटो टाका, आणि मशीनचं गेजवरचं प्रेशर कळवा. मग कुठे टू वायर, कुठे फोर वायर आणि किती लांबी ते लाइनवार सांगतो.